नव्या ड्राफ्ट्समनसाठी: ऑटोकॅडमध्ये स्वतःची टेम्प्लेट फाइल कशी बांधायची

"तीस बाय चाळीसचा प्लॉट आहे, पूर्वमुखी." गिऱ्हाइकाचं हे वाक्य संपायच्या आत बहुतेक ऑफिसांत मागच्या बंगल्याची फाइल उघडते, 'सेव्ह ॲज' होतं आणि काम सुरू होतं. ही सवय पहिल्या दिवसापासून टाळा. जुन्या फाइलबरोबर जुन्या मालकाचा गट नंबर येतो, पुसलेल्या फर्निचरचे ब्लॉक (एकदा काढून पुन्हा पुन्हा बसवायच्या आकृत्या) येतात, कुठून तरी चिकटवलेले दीडशे लेयर (नकाशाचे थर) येतात. नव्या मालकाच्या नकाशावर शेजारच्या गावचं मौजे छापलं गेलं की नकाशा परत येतो आणि गिऱ्हाइकाचा विश्वास जातो तो वेगळाच. टेम्प्लेट म्हणजे माप, लेयर, अक्षर, चौकट आणि प्रिंट यांचे निर्णय एकदाच घेऊन ठेवलेली कोरी फाइल. तिचं एक्स्टेन्शन डीडब्ल्यूटी. आतून ती साध्या डीडब्ल्यूजीसारखीच असते. फरक इतकाच, की तिच्यावरून सुरू केलेलं ड्रॉइंग नवं, बिननावाचं उघडतं आणि मूळ फाइल जशीच्या तशी राहते.

खाली 'प्लॉट' म्हणजे जमिनीचा प्लॉट. छपाईला सगळीकडे 'प्रिंट' म्हटलं आहे, नाहीतर आपल्या धंद्यात या शब्दाचा घोळ होतोच.

पहिला निर्णय: माप

ऑटोकॅडसोबत दोन मूळ टेम्प्लेट येतात, 'अकॅड' आणि 'अकॅड-आयएसओ'. पहिली इंचाची, दुसरी मिलिमीटरची. सुरुवात 'अकॅड-आयएसओ'वरून करा. मालक फुटांत बोलतो, मिस्तरी फुटांत बोलतो, पण परवानगीचा नकाशा मीटरमध्ये लागतो आणि सळईपासून सेक्शनपर्यंत सगळा माल मिलिमीटरमध्ये येतो. म्हणून फाइल मिलिमीटरमध्ये ठेवायची आणि फूट-इंच डायमेन्शनमध्ये, म्हणजे नकाशावर लिहिलेल्या मापांत, दाखवायचे.

युनिट्स कमांड द्या. लांबीचा प्रकार डेसिमल, प्रिसिजन शून्य, आणि खाली 'इन्सर्शन स्केल'मध्ये मिलिमीटर. हा तिसरा खण बरेच जण बघतच नाहीत. बाहेरून आणलेला ब्लॉक किती मोठा होऊन बसेल हे त्यावर ठरतं. अडीच फुटी दार इंचात काढलेलं असेल तर ते ३० युनिटचं असतं. ब्लॉकमध्ये आणि फाइलमध्ये दोन्हीकडे युनिट नोंदलेलं असेल तर ऑटोकॅड स्वतः २५.४ ने गुणून ७६२ मिमीचं दार बसवतं. ब्लॉक 'युनिटलेस', म्हणजे युनिट न नोंदलेला, असेल तर तेच दार ३० मिमीचं येतं, म्हणजे भिंतीत हरवतं, आणि नवा माणूस "ब्लॉक येतच नाही" म्हणून पाच वेळा इन्सर्ट करतो. ती पाच दारं मग तिथेच पडून राहतात.

'मेजरमेंट' हे व्हेरिएबलही तपासा; ते १ पाहिजे. ० असेल तर हॅच (आकृतीत भरायची नक्षी) आणि तुटक रेषा इंचाच्या यादीतून उचलल्या जातात. मग मिलिमीटरच्या फाइलमध्ये तुटक रेषा सलग दिसते आणि विटांचा हॅच काळा गोळा होतो. एलटीस्केल (तुटक रेषांचं प्रमाण) बदलून बदलून लोक थकतात; मूळ दुखणं इथे असतं. एलटीस्केल, पीएसएलटीस्केल आणि एमएसएलटीस्केल तिन्ही १ ठेवा.

तीस फूट म्हणजे ९१४४ मिमी, चाळीस फूट म्हणजे १२१९२. दर वेळी कॅल्क्युलेटर काढायची गरज नाही. लांबी विचारली जाईल तेव्हा कमांड लाइनवर (* ३० ३०४.८) असं लिहून एंटर द्या, आकडे अर्थात इंग्रजी कीबोर्डवरचे. एलटी आवृत्तीत ही सोय २०२४ पासून आहे.

लेयर: थोडे आणि ठरलेले

घराच्या कामाला पंधरा-सोळा लेयर पुरतात. नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवा. मराठी नावं चालतात, पण तीच फाइल स्ट्रक्चरल इंजिनियरकडे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की प्रश्न येऊ शकतो. रेषेची जाडी लेयरलाच द्या: प्लॉटची हद्द ०.७०, कापलेली भिंत आणि कॉलम ०.५०, पायऱ्या व दारं-खिडक्या ०.२५, डायमेन्शन ०.१८, हॅच ०.१३. ड्रॉइंगमधली प्रत्येक वस्तू 'बायलेयर' राहिली पाहिजे. कोणी एका रेषेला हाताने लाल रंग दिला, की ती रेषा लेयरचं ऐकणं बंद करते.

शून्य नंबरच्या लेयरवर काही काढू नका. तो ब्लॉक बनवण्यासाठी राखून ठेवा. शून्यावर बनवलेला ब्लॉक ज्या लेयरवर बसवाल त्याचा रंग घेतो. 'डेफपॉइंट्स' लेयर तर कधी छापलाच जात नाही. पडद्यावर दिसतं आणि कागदावर नाही, अशी तक्रार आली की आधी ती रेषा या लेयरवर गेली का ते पाहा.

आपल्या भागासाठी दोन लेयर जास्तीचे धरा. एक कूलरचा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि जवळपास प्रत्येक घरात खिडकीला कूलर लागतो. त्याचं स्टँड, पाण्याचा नळ आणि बाहेरचा विजेचा पॉइंट प्लॅनवर नसेल तर प्लास्टर झाल्यावर भिंत फोडावी लागते. दुसरा लेयर पाण्याचा: बोअर, जमिनीखालची टाकी, वरची टाकी आणि शोषखड्डा. या वस्तूंचे चार-पाच ब्लॉक टेम्प्लेटमध्येच ठेवा. सोफे, पलंग, गाड्या यांचे ब्लॉक मात्र वेगळ्या लायब्ररी फाइलमध्ये. टेम्प्लेट जड झाली की तिच्यावरून निघणारी प्रत्येक फाइल जड होते.

अक्षर: मराठी नीट उमटली पाहिजे

इथे घाई करू नका. ऑटोकॅडचे जुने एसएचएक्स फाँट देवनागरी ओळखत नाहीत. मराठी टाइप केली की प्रश्नचिन्हं किंवा चौकोन येतात. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेलं तुमच्या पडद्यावर छान दिसतं, पण ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याच्या पडद्यावर 'मालकाचे नाव'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. म्हणून युनिकोडच वापरा. विंडोज ८ पासून पुढे निर्मला यूआय हा फाँट सोबतच येतो. मंगल जुना आणि ओळखीचा आहे, पण विंडोज १० पासून काही मशीनवर तो वेगळा घ्यावा लागतो. दुसऱ्याच्या मशीनवर फाइल उघडणार असेल तर निर्मला जास्त भरवशाचा.

स्टाइल कमांडमध्ये दोन स्टाइल करा. एक इंग्रजी व आकड्यांसाठी, एरियल. दुसरी मराठीसाठी, निर्मला यूआय. दोन्हींत 'ॲनोटेटिव्ह' टिक करा. इंग्रजीची कागदावरची उंची २.५ मिमी, मराठीची ३. वेलांटी, रफार, उकार या सगळ्यांना जागा लागते; २.५ मिमीत 'क्षेत्रफळ' आणि 'स्वाक्षरी' हे शब्द ए-३ च्या झेरॉक्सवर भरून जातात. एमटेक्स्टमध्ये (अनेक ओळींच्या मजकुरात) ओळींचं अंतर १.३ पट ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला धडकत नाही. स्टाइल केल्यावर 'क्षेत्रफळ', 'उत्तर', 'स्वाक्षरी', 'मौजे' हे शब्द टाइप करून त्यांची पीडीएफ काढा आणि जोडाक्षरं नीट जुळली का ते पडद्यावर नाही, पीडीएफमध्ये बघा.

'ॲनोटेटिव्ह' म्हणजे काय ते एका हिशेबात कळतं. कागदावर २.५ मिमीचं अक्षर हवं असेल तर १:१०० च्या प्लॅनमध्ये ते २५० मिमीचं, १:५० मध्ये १२५ मिमीचं काढावं लागतं. ही टिक असली की हा गुणाकार ऑटोकॅड करतं. त्यासाठी खालच्या पट्टीवर चालू स्केल १:१०० लावूनच टेम्प्लेट सेव्ह करा. स्केलच्या यादीत १:१, १:२०, १:२५, १:५०, १:१००, १:२००, १:५०० एवढेच ठेवा, बाकी काढून टाका.

डायमेन्शन स्टाइलही ॲनोटेटिव्ह करा. टोकाला बाणाऐवजी तिरकी खूण, अक्षर २.५. 'अल्टरनेट युनिट्स' टॅबवर टिक, प्रकार आर्किटेक्चरल, गुणक ०.०३९३७, जागा मुख्य आकड्याच्या खाली. आता ३६६० मिमीच्या खोलीखाली बारा फूट आपोआप छापलं जातं आणि मिस्तरीला साइटवर भागाकार करावा लागत नाही. राउंडिंग अर्ध्या इंचाचं ठेवा, नाहीतर इंचाच्या सोळाव्या भागापर्यंतचे अपूर्णांक येतात आणि ते कुणीच वाचत नाही. परवानगीच्या नकाशासाठी हीच स्टाइल नक्कल करून तिच्यात अल्टरनेट बंद करा आणि मुख्य युनिटचा 'स्केल फॅक्टर' ०.००१ लावा, प्रिसिजन दोन दशांश. मापं मीटरमध्ये येतील.

चौकट आणि टायटल ब्लॉक

लेआउट टॅबवर जा; नकाशा 'मॉडेल'मध्ये काढायचा आणि छपाईचा कागद इथे मांडायचा. ए-३ कागद ४२० बाय २९७ मिमी. डाव्या बाजूला फाइलिंगला २० मिमी आणि बाकी तिन्ही बाजूंना १० मिमी सोडले की चौकट ३९० बाय २७७ राहते. उजवीकडे ८० मिमीची उभी पट्टी टायटलसाठी घेतली तर नकाशाला ३१० बाय २७७ उरतात. १:५० ला ही जागा १५.५ बाय १३.८५ मीटरची होते. तीस बाय चाळीसचा प्लॉट १:५० ला कागदावर १८३ बाय २४४ मिमी येतो, म्हणजे एक मजला ए-३ वर डायमेन्शनसह बसतो. तळमजला आणि पहिला मजला शेजारी शेजारी हवे असतील तर १:१०० ला उतरा. सावदा-रावेर पट्ट्यातली केळी पिकवण्याची चेंबर किंवा जिनिंगची शेड काढत असाल आणि लांबी ३१ मीटरच्या पुढे गेली, तर १:१०० ए-३ वर मावत नाही. त्यासाठी टेम्प्लेटमध्ये दुसरा लेआउट ए-१ चा, ८४१ बाय ५९४, तयार ठेवा.

टायटलची माहिती प्रत्येक लेआउटवर हाताने लिहू नका. ती एकदाच लिहायची सोय अशी: 'डीडब्ल्यूजीप्रॉप्स' कमांड द्या, 'कस्टम' टॅबवर जा, आणि एकेक नाव जोडा: मालकाचे नाव, गट नंबर, प्लॉट नंबर, मौजे, तालुका, जिल्हा, कामाचे स्वरूप. समोरचा खण रिकामा सोडा. आता लेआउटवर एमटेक्स्ट उघडा, 'मालकाचे नाव :' असं टाइप करा, उजवं बटण, 'इन्सर्ट फील्ड', वर्ग 'डॉक्युमेंट'. यादीत तुम्ही जोडलेली नावं दिसतील. त्यातलं एक निवडा. रिकामं असल्यामुळे तिथे चार डॅश दिसतील, ते बरोबर आहे. मागे राखाडी पट्टा दिसतो, तो छापला जात नाही. सात ओळी अशा भरा आणि हीच पट्टी दोन्ही लेआउटवर ठेवा.

नवं काम आलं की डीडब्ल्यूजीप्रॉप्समध्ये सातबाऱ्यावरून पाहून नाव, गट नंबर, मौजे एकदा लिहायचं आणि 'रीजेन' द्यायचं. सगळ्या शीट एकदम बदलतात. राहून गेलेल्या जागी डॅश दिसतात, जुन्या मालकाचं नाव दिसत नाही. टेम्प्लेटचा सगळ्यात मोठा फायदा आम्ही यालाच समजतो.

क्षेत्रफळाच्या तक्त्यात फील्ड आधीपासून घालून ठेवू नका. ते फील्ड एका ठरावीक पॉलीलाइनला (सलग जोडलेल्या रेषेला) बांधलेलं असतं. ती पुसली की तिथे #### येतं. तक्ता कोरा ठेवा. प्रत्यक्ष कामात बंद पॉलीलाइन काढून ऑब्जेक्ट, एरिया असं फील्ड घाला आणि 'ॲडिशनल फॉरमॅट'मध्ये गुणक ०.०००००१ लिहा, चौरस मीटर मिळतात. तीस बाय चाळीसला १११.४८ आलं की गुणक बरोबर.

पट्टीत दोन गोष्टी हमखास ठेवा. उत्तरेची खूण, आणि बरोबर १०० मिमी लांबीची एक मोजपट्टी. प्रिंट हातात आली की ही रेषा फूटपट्टीने मोजा. ९७ भरली तर प्रिंटरने नकाशा लहान केलाय, आणि साइटवर कोणी स्केल लावून माप घेतलं तर प्रत्येक खोली चुकेल.

नेहमीच्या सूचनाही इथेच लिहून ठेवा: माप लिहिलेलं धरावं, स्केलने मोजू नये, काळ्या मातीत पाया पक्का थर लागेपर्यंत न्यावा आणि खोली इंजिनियरने खड्डा पाहून ठरवावी. तापी-गिरणेच्या काठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ही ओळ आपल्याकडे शोभेची नाही.

व्ह्यूपोर्ट, म्हणजे मॉडेलमधला नकाशा दाखवणारी लेआउटवरची खिडकी, काढा, तो वेगळ्या लेयरवर ठेवा आणि त्या लेयरची प्रिंट बंद करा. स्केल १:१०० देऊन 'डिस्प्ले लॉक' चालू करा. लॉक नसेल तर व्ह्यूपोर्टच्या आत माउसचं चाक फिरवलं की स्केल गेलं. फाइल मिलिमीटरमध्ये आहे म्हणून १:१०० सरळ चालतं. कोणाची फाइल मीटरमध्ये असेल तर तिथे १:१०० साठी १०:१ निवडावं लागतं. अशा फाइलवर 'नकाशा ठिपक्याएवढा दिसतो' ही तक्रार नेहमीची.

प्रिंट: काळी आणि रंगीत

साइटला काळी प्रिंट हवी, परवानगीला रंग लागतो. प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळं, अशी रंगांची रीत बांधकाम नियमावलीत दिलेली असते. राज्याची एकत्रित नियमावली २०२० ची आहे, तिच्यातला तक्ता समोर ठेवूनच हे लेयर करा. सीटीबी म्हणजे कुठला रंग कागदावर कसा छापायचा हे ठरवणारी फाइल. 'मोनोक्रोम' सीटीबी लावली की १ ते २५५ पर्यंतचे सगळे रंग काळे होतात आणि लालही काळा छापला जातो. 'अकॅड' सीटीबी लावली तर सगळंच रंगीत येतं आणि पिवळ्या रेषा कागदावर दिसत नाहीत.

उपाय सोपा आहे. रोजच्या लेयरना १ ते ९ मधले रंग द्या. नियमावलीच्या रंगांसाठी १० (लाल), ५० (पिवळा), ९० (हिरवा), १७० (निळा) हे नंबर राखून ठेवा. दिसायला ते १, २, ३, ५ सारखेच आहेत. 'स्टाइल्समॅनेजर' कमांडने फोल्डर उघडा, मोनोक्रोमची नक्कल करा, 'परवानगी' असं नाव द्या, दोनदा क्लिक करा आणि 'फॉर्म व्ह्यू'मध्ये या चार रंगांना 'यूज ऑब्जेक्ट कलर' लावा. मग पेज सेटअप दोन करा, 'साइट' आणि 'परवानगी'. दोन्हींत प्रिंटर 'डीडब्ल्यूजी टू पीडीएफ', कागद 'आयएसओ फुल ब्लीड ए-३', स्केल १:१. पीडीएफ छापताना 'ॲक्चुअल साइझ' निवडा, 'फिट' नाही. झेरॉक्सवाल्यालाही हे सांगून ठेवा.

लेयरला 'ट्रू कलर' टॅबवरून रंग देऊ नका. सीटीबी फक्त नंबरचे रंग ओळखते; ट्रू कलरची रेषा मोनोक्रोम लावूनही रंगीतच छापली जाते.

आणि सीटीबी टेम्प्लेटच्या आत नसते, आत फक्त तिचं नाव असतं. दुसऱ्या मशीनवर टेम्प्लेट नेताना ही फाइल तिथल्या 'प्लॉट स्टाइल्स' फोल्डरमध्ये टाकली नाही तर प्रिंट भलत्याच जाडीची आणि रंगाची येते.

सेव्ह करणं आणि जागेवर बसवणं

सेव्हच्या आधी मॉडेलमध्ये काही राहिलं असेल ते पुसा, 'ऑडिट' (फाइलमधल्या चुका दुरुस्त करणं) करा, मग 'पर्ज' (न वापरलेलं काढून टाकणं). पर्ज करताना जपून: न वापरलेले लेयर, टेक्स्ट स्टाइल आणि डायमेन्शन स्टाइलही तो काढून टाकतो, आणि टेम्प्लेटमध्ये तर सगळंच न वापरलेलं असतं! 'पर्ज ऑल' दाबलं की तासाभराचं काम गेलं. फक्त नको ते ब्लॉक आणि लाइनटाइप निवडून काढा.

'सेव्ह ॲज'मध्ये प्रकार 'ड्रॉइंग टेम्प्लेट' निवडला की ऑटोकॅड आपोआप स्वतःच्या फोल्डरमध्ये उडी मारतं. ते 'ॲपडेटा'च्या आत, लपलेलं असतं. तिथे ठेवू नका. विंडोज नव्याने टाकली की ते फोल्डर जातं. डी ड्राइव्हवर 'टेम्प्लेट' असं फोल्डर करून तिथे सेव्ह करा. पुढच्या खिडकीत मेट्रिक निवडा आणि वर्णनात तारीख लिहा.

आता ऑप्शन्स, फाइल्स टॅब, 'टेम्प्लेट सेटिंग्ज'. 'ड्रॉइंग टेम्प्लेट फाइल लोकेशन'ला डी ड्राइव्हचं फोल्डर द्या आणि 'डिफॉल्ट टेम्प्लेट फाइल नेम फॉर क्यून्यू'ला तुमची फाइल. वरच्या पट्टीवरचं 'न्यू' बटण दाबलं की थेट तीच उघडेल. ऑब्जेक्ट स्नॅप, ऑटोसेव्हची मिनिटं आणि सेव्हची आवृत्ती या गोष्टी मशीनमध्ये राहतात, टेम्प्लेटमध्ये नाही. त्या प्रत्येक मशीनवर वेगळ्या लावा. ऑफिसात २०१८ च्या आधीचं ऑटोकॅड असेल तर नव्या मशीनवरची टेम्प्लेट तिथे उघडत नाही. अशा वेळी २०१३ च्या डीडब्ल्यूजी प्रकारात सेव्ह करा आणि एक्स्टेन्शन बदलून डीडब्ल्यूटी करा.

पुढे टेम्प्लेटमध्ये सुधारणा केली तरी जुन्या ड्रॉइंगवर तिचा परिणाम होत नाही. हवंच असेल तर कंट्रोल-२ ने डिझाइन सेंटर उघडून लेयर आणि स्टाइल ओढून आणा. त्याच नावाची स्टाइल आधीपासून असेल तर ती बदलत नाही, जुनीच राहते, म्हणून आधी जुनीचं नाव बदला.

पहिली चाचणी खऱ्या कामावर घेऊ नका. 'न्यू' दाबा, ९१४४ बाय १२१९२ चा आयत काढा, दोन्ही बाजूंना डायमेन्शन द्या, प्रॉपर्टीजमध्ये एक काल्पनिक नाव आणि गट नंबर लिहा, आणि दोन्ही पेज सेटअपवरून प्रिंट काढा. फूटपट्टी घेऊन मोजपट्टी १०० मिमी भरते का, १:१०० ला आयताची बाजू ९१.४ मिमी येते का, ते कागदावर मोजा.